ओल्या रंगातल्या मावलाया

चित्र घरात आलं ते आडवं होऊन, दोघांनी दोन बाजूंनी धरलेलं, भरल्या परातीसारखं. पुढे अर्शिया, मागे समर्थ. दाराच्या चौकटीतून समर्थ अंग चोरून आत शिरला. खाटेवर पडलेल्या त्याच्या आईला, साळुबाईला, आधी नुसता वास आला. जवसाच्या तेलाचा, चटणी कुटताना येतो तसा, पण त्यात आणखी काहीतरी उग्र मिसळलेलं. मग समोरच्या भिंतीशी पत्र्याच्या पेटीवर चित्र टेकवून उभं केलं गेलं, आणि दारातून आलेलं मार्गशीर्षातलं कोवळं ऊन त्यावर पसरलं.

अर्शिया ही मंचरच्या जावेदभाई फ्रेमवाल्यांची मुलगी. वडील देवादिकांच्या तसबिरी आणि लग्नाचे फोटो चौकटीत बसवायचे, मुलगी पुण्यात चित्रकला शिकून आली होती. दिवाळी झाली तशी ती रोज सकाळी स्कूटीवरून निरगुडसरला यायची आणि साळुबाईचे यजमान सोपानराव यांच्या बांधावर तिपाई मांडून उभी राहायची. कुंचला कमी, गवंड्याच्या थापीसारखी एक चिमुकली पाती जास्त. तिनं रंग घ्यायचा आणि गिलावा केल्यासारखा थापायचा. चित्र पुरं झालं, पण ते ओलं होतं. स्कूटीवर हायवेनं न्यावं तर मंचरला पोचेस्तोवर सगळी धूळ आणि चिलटं त्यावर बसली असती. म्हणून अब्बांची गाडी रिकामी होईपर्यंत ते इथंच राहू द्या, असं ती म्हणाली. आणि आरतीला, म्हणजे साळुबाईच्या सुनेला, तिनं बजावून सांगितलं की वरून सुकल्यासारखं वाटलं तरी आतून हा रंग महिनोन्महिने ओला असतो, हात लावू नका.

आरतीनं ते घरात सगळ्यांना सांगितलं. साळुबाईनंही ऐकलं. पण तिच्या उभ्या जन्मात सारवण दुपारपर्यंत वाळलं होतं, गेरू दुसऱ्या दिवशी, चुना फार तर तिसऱ्या. महिनोन्महिने ओला राहणारा रंग तिनं कधी पाहिला नव्हता, त्यामुळे ऐकलेलं ते कानापाशीच राहिलं.

सोपानराव चष्मा लावून चित्राला नाक लागेल इतके जवळ गेले. "विहीर कुठंय ह्याच्यात? निस्ते लपके दिसत्यात. म्हशीनं भितीला आंग घासल्यावानी."

"आण्णा, लांबून बघायचं असतं," समर्थ हसत म्हणाला.

"लांबून तर आपली खरी विहीर बी दिसती की. त्याला चित्र कशाला पायजे?"

अर्शियाला राग आला नाही. उलट तीच जास्त हसली.

साळुबाईला मात्र दिसत होतं. तिची खाट बरोबर समोरच्या भिंतीला होती आणि तिला हलायची मुभा नव्हती. तिथून पाहिलं की ते निळे, करडे, हळदी लपके हळूहळू एकमेकांचा हात धरत. आधी धुकं उभं राही. मग धुक्यातून उसाचा शेंडा, कांदे साठवायच्या बराखीचं छप्पर, वाकलेला उंबर. आणि उंबराखाली विहिरीचा काठ, पहाटेला असतो तसा, अर्धा जागा अर्धा झोपेत. काठाच्या उगवतीच्या अंगाला शेंदरी रंगाचा एक ठिपका होता, सुपारीएवढा. साळुबाईनं तो पाहिला आणि तिचे हात आपोआप जोडले गेले.

त्या मावलाया होत्या. साती आसरा, पाण्याच्या देवता. त्यांनाच तिकडे मावलाया म्हणतात. विहिरीच्या काठाला शेंदूर फासलेले सात दगड, एवढंच त्यांचं देऊळ.

समर्थ रांगणं सोडून नुकता धावायला लागला होता तेव्हाची गोष्ट. साळुबाई उसाचं पाचट काढत होती आणि पोर खेळता खेळता विहिरीत गेलं. सोपानरावांनी उडी टाकली. पाहतात तर पोर पाण्याच्या वर, कपारीतून पुढे आलेल्या एका दगडावर बसलेलं, तोंडात अंगठा. अंगावर ओरखडासुद्धा नाही. मावलायांनी मांडीवर घेतलं, असं सगळा गाव म्हणाला. साळुबाईनं पोराला छातीशी धरलं. ती त्या सात दगडांपुढे बसली आणि मनातल्या मनात बोलली की हात चालतोय तवर रोज माझ्या हातानं तुमाला पाणी घालीन.

तो नेम तिनं कधी चुकवला नव्हता. पहाटे अंघोळ, मग तांब्या आणि हळदीकुंकवाची कोयरी घेऊन बांधाबांधानं विहिरीवर. पाळीच्या दिवसांत ती लांब उभी राहायची आणि पाटात पाणी सोडायची, तेवढं वाहत मावलायांच्या पायाशी जायचं. उसात बिबट्याची मादी पिलं घेऊन बसली तेव्हा मोबाइलवर मोठ्यानं भजन लावून जायची. लोक म्हणायचे, साळुबाई, वाघरू तुमच्या भजनाला कंटाळून दुसऱ्याच्या उसात गेलं बघा.

दसऱ्याच्या धुण्याला कालव्यावर ती घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. मंचरच्या डॉक्टरांनी आत रॉड घातला आणि सांगितलं की मी म्हणेपर्यंत पाय भुईला लावायचा नाही. विहिरीपर्यंत वाट ती बांधाची, एका पावलाएवढी. गाडी जात नाही. समर्थ म्हणाला, तुला पाठीवर घेतो, पण डॉक्टरांनी तेही मोडीत काढलं. मग आरती जाऊ लागली. पतसंस्थेत कामाला जायच्या आधी, ऊन वर आल्यावर, घाईघाईनं का होईना, ती पाणी घालून यायची. साळुबाईला सुनेचं कौतुक होतं. पण नेम बोलताना तिनं 'पाय चालतोय तवर' म्हटलं नव्हतं. हात म्हटलं होतं. आणि हात तर चांगले धडधाकट, खाटेवर पडून लसूणसुद्धा सोलत होते. रोज सकाळी आरती रिकामा तांब्या घेऊन परत आली की साळुबाई आपल्या हातांकडे पाहायची, आणि मग समर्थ कुठं आहे ते विचारायची.

असं सगळं चाललेलं असताना ते चित्र समोर येऊन उभं राहिलं.

पहिले काही दिवस तिनं नुसते हात जोडले. चित्र दिवसभर बदलायचं. सकाळी दार उघडलं की त्यातलं धुकं खरंच ओलसर वाटायचं, दुपारी ते पातळ होऊन ऊस पुढे यायचा, आणि सांजेचं कडूसं पडलं की विहीर सोडून बाकी सगळं मावळायचं. औषधाच्या गुंगीत साळुबाईचे डोळे मिटायचे, उघडायचे, आणि मधल्या वेळात आपण कुठं होतो हे तिला सांगता आलं नसतं. एकदा तर तळपायाला दवाचा गारवा घेऊनच ती जागी झाली. आरतीनं विचारलं, आत्या, पांघरूण सरकलं का. ती म्हणाली, न्हाई, बांधावर लई दव हाय. आरतीला वाटलं, गोळ्या जास्त होतायत.

मग एका मंगळवारी तिनं समर्थला चित्र पेटीसकट खाटेजवळ सरकवायला लावलं. समर्थनं कारण विचारलं नाही. आजाऱ्याला काय हवंसं वाटेल ते द्यावं, एवढंच तो समजत होता. घरातली माणसं आपापल्या कामाला पांगल्यावर साळुबाई उशाला रेलून बसली. जवळून पाहिलं तर सोपानराव म्हणत होते तेच खरं होतं, नुसते लपके. विहीर नाही, उंबर नाही. पण मावलायांची जागा तिला पाठ होती. तिनं आधी नखानं रंग चाचपला. वर साय धरल्यासारखी कोरडी होती. वाळलंय, असं तिला वाटलं. फुलानं पाण्याचे दोन थेंब शिंपडले, हळद वाहिली, मग अनामिकेवर कुंकू घेऊन तिनं त्या शेंदरी ठिपक्यावर बोट टेकवलं.

बोट आत गेलं.

साय फुटली आणि खालचा मऊ, गार रंग बोटाला बिलगला, तेलात कालवलेला शेंदूर बिलगतो तसाच. तिनं बोट काढलं तेव्हा कुंकू तिथंच राहिलं होतं, सांडलं नव्हतं, ओघळलं नव्हतं. आणि बोटाच्या पेराला शेंदरी रंग आला होता. कापडावर कुंकू टिकत नाही, कागदावर टिकत नाही, फोटोच्या काचेवरून तर लगेच घसरतं. इथं मात्र कुणीतरी आतून घेतल्यासारखं घेतलं. साळुबाईचे डोळे भरून आले. पेराचा तो रंग साबणानं गेला नाही आणि तिनंही फार घासला नाही.

त्यानंतर तिचा नेम परत सुरू झाला. सकाळी सगळे पांगले की फूल, हळद, कुंकू. खाटेकडे तोंड केलेल्या चित्राला आत्या लांबूनच फूल वाहतात, असं समजून आरती रोज तांब्या, फूल आणि कोयरी खाटेच्या कडेला ठेवून जायची. तिनं कुणापासून लपवलं असं नाही, पण कुणी विचारलंही नाही. तिला छान झोप लागू लागली. खुब्यातली कळ उतरली. समर्थ कुठं आहे हे ती विचारेनाशी झाली, आणि सोपानराव म्हणाले, गुण आला बरं का मंचरच्या डॉक्टरचा.

संक्रांत झाली आणि अर्शिया चित्र न्यायला आली. बरोबर जावेदभाई होते, गाडी वेशीपाशी लावून चालत आलेले. अर्शियाचा पाय जमिनीवर ठरत नव्हता. पुण्याला नव्या चित्रकारांचं प्रदर्शन भरणार होतं, तिनं पाठवलेल्या फोटोवरून हे चित्र निवडलं गेलं होतं, आणि तिचं चित्र चार लोकांपुढे लागायची ही पहिलीच वेळ. एवढं सगळं आरतीला सांगत सांगत ती पेटीपाशी आली, वाकली, आणि मधेच बोलायची थांबली.

रोजच्या हळदीकुंकवाचा तिथं एक उंचवटा झाला होता. कडेनं हळद पसरून विहिरीच्या काठापर्यंत गेली होती.

आरतीच्या लक्षात आलं आणि ती पांढरी पडली. अहो आत्या, हे कधी केलंत, एवढंच तिला बोलता आलं. मग ती अर्शियाची माफी मागू लागली, हात लावू नका म्हणून मी सांगितलं होतं गं, असं पुन्हा पुन्हा म्हणू लागली. अर्शियानं तिचं बहुधा ऐकलंच नाही. ती चित्र तिरपं करून उजेडाला धरत होती.

"पावडर आत गेलीय," ती हळू आवाजात वडिलांना म्हणाली. "वाळताना इथून फुटणार. आजूबाजूचंही घेऊन फुटेल." तिनं पिशवीतून ती चिमुकली पाती काढली. "मावशी, एवढा भाग खरवडून काढावा लागेल."

साळुबाईनं पुढे होऊन त्या जागेवर हाताचा पंजा धरला. टेकवला नाही, नुसता आड धरला. "सुरी लावू नगंस, बाई."

सोपानराव ओशाळून म्हणाले, "आगं, पोरीचं चित्र हाय ते. आपलं हाय का?"

तेव्हा साळुबाईनं सांगितलं. तिला फार बोलायची सवय नव्हती, पण विहिरीत पडलेलं पोर, कपारीतला दगड, हात चालतोय तवरचा नेम, सगळं तिनं थांबत थांबत सांगितलं. उद्या सकाळी मोटरीच्या पाइपाच्या तळाचा फूटव्हॉल्व्ह बदलायला समर्थ त्याच विहिरीत उतरणार आहे, हेही सांगितलं. बाहेर मोटर उघडून बसलेल्या समर्थला ते ऐकू गेलं असणार, कारण पान्ह्याचा आवाज थांबला.

अर्शिया पेटीच्या कडेवर बसली. तिनं पाती परत पिशवीत ठेवली.

"राहू दे मग," ती म्हणाली. "ठेवून घ्या तुम्ही. मी दुसरं काढीन कधीतरी."

ती मनापासून बोलत होती, पण कधीतरी म्हणताना तिचा आवाज खाली गेला. जावेदभाई तिच्याकडे न पाहता पायाच्या अंगठ्याकडे पाहत राहिले. साळुबाईला त्या मुलीच्या बोटांची नखं दिसली. नखांच्या कडांना तोच शेंदरी रंग होता, आपल्या पेराला असलेला. दिवाळीपासूनची थंडी अंगावर घेऊन ही पोर त्या बांधावर उभी राहिली होती. मावलायांनी आपलं लेकरू आपल्याला परत दिलं, आणि त्यांच्यासाठी म्हणून आपण दुसऱ्याच्या लेकीचं काढून घ्यायचं? त्यांना तरी हे आवडेल का? साळुबाईनं पंजा बाजूला घेतला. पण सुरी लावा असं तिच्यानं म्हणवेना. बसलेल्या देवाला कुणी सुरी लावत नाही.

मग तिला सुचलं, आणि इतकं सोपं आधी कसं सुचलं नाही याचं तिला नवल वाटलं.

"आरती, अक्षता आण," ती म्हणाली.

गणपतीची मूर्ती असो, गौरीचे मुखवटे असोत, नाहीतर हरतालिकेची वाळूची पिंड असो, उठवायची असेल तर आधी उत्तरपूजा करावी लागते. अक्षता वाहायच्या आणि देव जागच्या जागी थोडासा हलवायचा. तो हलला की मागे राहते ती माती, वाळू. ती पाण्यात सोडली तरी दोष नाही. जावेदभाई आपणहून दोन पावलं मागे सरले. फुटल्या काचेच्या तसबिरी घेऊन माणसं त्यांच्या दुकानात यायची, आणि गिऱ्हाइकानं हात लावून तसबीर जराशी हलवल्याशिवाय त्यांनी कधी खिळा उपटला नव्हता. अर्शियाला मात्र काय चाललंय ते कळलं नाही. तिनं वडिलांकडे पाहिलं, त्यांनी मानेनंच थांब म्हटलं.

साळुबाईनं ओंजळीतले तांदूळ त्या उंचवट्यावर वाहिले. काही चिकटले, काही पेटीवर सांडले. मग चित्राच्या चौकटीला दोन्ही हात लावून तिनं ते बोटभर सरकवलं. ओठ हलले, पण काय म्हणाली ते कुणाला ऐकू आलं नाही.

"आता खरवड," ती म्हणाली. "आता निस्ता रंग हाय."

अर्शियानं खरवडलं. हळद, कुंकू, तांदूळ, शेंदरी रंग, सगळं तिनं वर्तमानपत्राच्या तुकड्यावर घेतलं आणि सोपानरावांनी ती पुडी दोन हातांत धरून तुळशीच्या मुळाशी ठेवली. चित्रात त्या जागी कापडाची वीण उघडी पडली होती, खरपुडी निघालेल्या कातडीसारखी. अर्शियानं ट्यूब पिळली, पातीच्या टोकावर दोन रंग कालवले आणि थोडक्या फटकाऱ्यांत ती जागा भरून काढली. समर्थ येऊन दारात उभा राहिला होता. चित्र परत समोरच्या भिंतीला लावलं तेव्हा मावलाया होत्या तिथं होत्या, हुबेहूब. साळुबाई कितीतरी वेळ पाहत राहिली. सुंदर दिसत होतं. पण हात जोडले गेले नाहीत.

निघताना अर्शिया खाटेपाशी वाकली. प्रदर्शन संपलं की मी येईन, असं काहीतरी ती म्हणणार होती, पण साळुबाईच म्हणाली, "जा, अंधार पडायच्या आत जा. हायवेला लई गाड्या." दोघं बापलेक चित्र आडवं धरून बांधानं गेले, आणि त्यांच्या हातातलं ते धुकं बाहेरच्या धुळीत मिसळून गेलं.

दुसऱ्या दिवशी समर्थ उजाडताच दोर आणि पान्हे घेऊन विहिरीवर गेला. सोपानराव वरून दोर धरायला गेले. आरतीनं साळुबाईचं अंग पुसून दिलं, लुगडं बदललं, आणि काय करावं ते न कळून तांब्या, फूल आणि कोयरी रोजच्यासारखी खाटेच्या कडेला ठेवून ती चुलीकडे वळली.

समोर भिंत होती. गिलाव्यावर तेलाचा एक पुसट डाग.

साळुबाईनं डावा हात तांब्यावर ठेवला. अनामिकेवर कुंकू घेतलं. कुठं लावायचं हे तिला माहीत नव्हतं. तिनं मावलायांना सरळच सांगितलं की पाय न्हाई, निस्ता हात हाय, आता तुमी बघा. आणि डोळे मिटले.

आधी काहीच आलं नाही. मग कुठूनतरी निळं आलं, त्याच्या मागून करडं. धुकं. तिच्या पायांना बांधावरचं ओलं गवत लागलं. उसाची पानं एकमेकांवर घासत होती. खुबा दुखत नव्हता, किंवा तो तिचा नव्हताच. उंबराखाली अंधार अजून पुरता उठला नव्हता. ती खाली बसली, तांब्या कलता केला, आणि सात दगडांवरून पाणी गेलं तसा प्रत्येकाचा शेंदूर गडद होत गेला. हे चित्रात नव्हतं. चित्रातला काठ कोरडा होता. तिनं हळद लावली, फूल ठेवलं, आणि बोट पुढे केलं. विहिरीच्या तळातून समर्थचा आवाज आला, घुमत, जसा विहिरीतून येतो तसा. "सोडा आण्णा, सोडा अजून." हा आवाज खऱ्या विहिरीतला, की मिटल्या डोळ्यांआडच्या, हे तिनं ठरवलं नाही. ती आवाजापाशी बसून राहिली, तो वर येईपर्यंत.

"आई," समर्थ म्हणाला.

तो दारात उभा होता. कमरेपर्यंत भिजलेला, दात वाजत होते. व्हॉल्व्हमध्ये मासा अडकला होता, एवढा मोठा, असं हातानं दाखवत तो हसत होता.

साळुबाईनं हाताकडे पाहिलं. अनामिकेवर कुंकू नव्हतं. पदराला पुसलं गेलं असेल, पांघरुणाला लागलं असेल.

तिनं पदर पाहिला नाही.

"आरती," तिनं हाक मारली, "चहात आलं जास्त घाल. पोरगं गारठलंय."